वरून दिसलेली माणसे

घरी पाहुणा आला म्हणजे आपण त्याला दिवाणखान्यात बसवतो. फारच घरोब्याचा असला तर स्वयंपाकघरापर्यंत येऊ देतो. गच्चीवर मात्र कोणी कोणाला मुद्दाम नेत नाही. तेथे एखादी मोडकी खाट असते, फुटक्या बादलीत लावलेली तुळस असते, वाळत घातलेले पापड असतात आणि कावळे हाकलायला बसवलेले एक कंटाळलेले पोर असते. गच्ची ही घराची पाठ आहे. आरशासमोर उभे राहून माणूस चेहरा नीटनेटका करतो, पाठीकडे त्याचे लक्ष नसते. म्हणूनच की काय, शहराचे रोजचे रूप टिपू पाहणाऱ्या छायाचित्रकाराला गच्चीचा फार मोह पडतो.

गेली काही वर्षे मी हाँगकाँगच्या गच्च्यांची छायाचित्रे मिळतील तेथून मिळवून पाहत आलो आहे. मी काही या कलेतला जाणकार नव्हे. एक सामान्य पाहणारा आहे. पण पाहता पाहता या चित्रांविषयीचे माझे मत दोनदा बदलले. ते का बदलले, हे सांगावे म्हणून हा लेख लिहायला घेतला.

हाँगकाँगच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या शहराच्या घडणीत आहे. सुमारे ७५ लाख माणसे, जमीन अवघी ११०० चौरस किलोमीटर, आणि तीतही डोंगर व राखीव रान इतके, की घरेदारे, रस्ते, कारखाने हे सारे जेमतेम चौथ्या हिश्श्यात मावलेले. कौलूनच्या जुन्या वस्तीत ‘तोंग लाउ’ नावाच्या इमारती असत आणि अजूनही काही उभ्या आहेत. तळाला दुकान, वर बिऱ्हाडे, आणि बहुतेकींना लिफ्ट नाही. खाली जागा पुरेना तेव्हा माणसे वर सरकली. गच्चीवर पत्र्याच्या, लाकडाच्या खोल्या उठल्या. कायद्याने त्या अनधिकृत, पण राहणाऱ्याला तेवढाच निवारा.

१९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेई या झोपडवस्तीला आग लागली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसे एका रात्रीत उघड्यावर आली. त्यांच्यासाठी सरकारने ज्या पुनर्वसनाच्या चाळी बांधल्या, त्यांच्या गच्च्यांवर पुढे शाळा भरू लागल्या. खाली मैदान नाही, शाळेला जमीन नाही, तेव्हा आभाळाखालीच वर्ग. ज्या शहरात मुले गच्चीवर पाढे शिकली, त्या शहरात गच्ची ही अडगळीची जागा नव्हे, राहण्याची जागा आहे, हे ध्यानात घेतल्याखेरीज ही छायाचित्रे नीट वाचता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कौलूनच्या अगदी कुशीत काई ताक हा विमानतळ होता. विमाने छपरांना खेटून उतरत, म्हणून आसपासच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा होती. जुलै १९९८ मध्ये तो विमानतळ बंद झाला, मर्यादा सैल झाल्या, आणि जुन्या बुटक्या इमारतींच्या शेजारी उंच मनोरे उठू लागले. छायाचित्रकाराला गच्चीकडे वरून पाहता येते ते अशा उंच इमारती शेजारी असतात म्हणून. आणि गंमत अशी, की आज जेथून जुनी गच्ची इतकी सुंदर दिसते, तसलेच मनोरे उद्या त्या गच्चीच्या जागी उभे राहायचे असतात.

आता चित्रांकडे वळू. मायकेल वुल्फ हा जर्मनीत जन्मलेला छायाचित्रकार हाँगकाँगमध्ये राहिला आणि २०१९ मध्ये तेथेच वारला. त्याची ‘आर्किटेक्चर ऑफ डेन्सिटी’ ही चित्रमाला जगभर गाजली. त्याने प्रचंड इमारतींच्या दर्शनी भिंती अशा कापून घेतल्या आहेत की वर आभाळ दिसत नाही, खाली रस्ता दिसत नाही. खिडक्या, खिडक्या आणि खिडक्या. पहिल्यांदा पाहताना ती विणलेल्या सतरंजीसारखी वाटतात. मग कोठे तरी एक वाळत घातलेला सदरा दिसतो आणि अंगावर काटा येतो, की अरे, या प्रत्येक चौकोनामागे एक चूल आहे! हा वुल्फचा मोठा विजय आहे. पण माणूस तेथे अनुमानाने समजायचा. डोळ्यांना तो भेटत नाही. पुढे २००६ मध्ये याच वुल्फने शेक किप मेईच्या पाडायला काढलेल्या चाळींतल्या शंभर खोल्या, प्रत्येक सुमारे शंभर चौरस फुटांची, आतल्या माणसांसह टिपल्या. भिंतीबाहेरून जे मिळाले नाही ते आणायला त्याला उंबरठा ओलांडावा लागला, असे मी समजतो.

रोमँ जाके-लाग्रेझ हा फ्रेंच तरुण उलट्या वाटेने गच्चीवर आला. २०१२ च्या ‘व्हर्टिकल होरायझन’ या पुस्तकात त्याचा कॅमेरा रस्त्यावरून वर, दोन इमारतींमधल्या आभाळाच्या तुकड्याकडे वळलेला आहे. नंतरच्या ‘काँक्रीट स्टोरीज’मध्ये तो उंचावरून खाली पाहतो. खाली जुन्या गच्च्या पसरलेल्या. कोणी कपडे वाळत घालीत आहे, कोणी कुंड्यांना पाणी देत आहे, पोरे धावत आहेत. भोवती काळवंडलेल्या सिमेंटचा, पाइपांचा, अँटेनांचा पसारा आणि त्यात मुंगीएवढे एक माणूस आपल्याच नादात. त्याला आपण दिसत नाही, म्हणून तो नाटक करीत नाही. मला ही चित्रे पहिल्या भेटीतच आवडली. एवढ्या दगडी शहरात एका बाईने चार कुंड्यांची बाग केली आहे, हे वरून जितके जाणवते तितके समोरून जाणवणार नाही. आकाराची ही विषमताच त्या चित्राचा अर्थ आहे.

हे माझे पहिले मत. ते घरच्याच एका प्रसंगाने बदलले.

आमच्या खिडकीखाली शेजारच्या जुन्या तीन मजली इमारतीची गच्ची दिसते. एका उन्हाळ्यात सकाळी तेथे एक आजी पापड वाळत घालीत होत्या. पांढऱ्या लुगड्यावर पिवळ्या पापडांच्या ओळी आणि त्यांच्या कडेने सरकणारे ते पिकलेले डोके. मला जाके-लाग्रेझ आठवला, आणि मी वरून एक चित्र टिपले. मोठ्या अभिमानाने ते सौभाग्यवतींना दाखवले. त्यांनी ते पाहिले आणि एवढेच विचारले, “अहो, त्यांना विचारलंत का?”

मी काय बोलणार? विचारले नव्हते. विचारले असते तर ते चित्र मिळालेच नसते, हे मी सांगून पाहिले. “म्हणजे उद्या समोरच्या मनोऱ्यावरून कोणी माझा काढला तर चालेल तुम्हाला?” असा दुसरा प्रश्न आला, आणि त्यालाही माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून वरून काढलेली सारी चित्रे मला चोरीची वाटू लागली. उंचावर उभा राहणारा सुरक्षित, खाली वावरणारा बेसावध. एकाच्या हाती कॅमेरा, दुसऱ्याच्या हाती लाटणे. त्यातून गरिबाच्या पसाऱ्याला ‘रंगसंगती’ म्हणायचे आणि ते चित्र भिंतीवर टांगायचे, यात कोठे तरी उद्दामपणा आहे, असे मी मित्रांत तावातावाने बोलू लागलो.

त्याच भरात मी रुफिना वू आणि श्टेफान कानहाम या जोडीचे २००८ साली निघालेले ‘पोर्ट्रेट्स फ्रॉम अबव्ह’ हे पुस्तक डोक्यावर घेतले. नावावरून वाटते तसे हे वरून पाहणारे पुस्तक नव्हे. ही दोघे जिने चढून हाँगकाँगच्या गच्च्यांवरल्या अनधिकृत वस्त्यांत गेली. वू ही वास्तुशास्त्र शिकलेली, कानहाम छायाचित्रकार. एकीने पट्टी लावून खोल्यांची मापे घेतली आणि बारीक आराखडे काढले. दुसऱ्याने त्याच खोल्या आतून टिपल्या. राहणाऱ्यांच्या हकिकती शेजारी आल्या. पलंग कोठे, शेगडी कोठे, पाणी कोठून येते, सारे कागदावर. ज्या खोलीची सरकारी नकाशात गणना नाही तिचा कोणी तरी इतक्या आस्थेने नकाशा काढावा, हीच केवढी दाद आहे! जिना चढण्याचे कष्ट घेणाऱ्यालाच गच्चीविषयी बोलण्याचा अधिकार, असे माझे दुसरे मत पक्के झाले.

पण ते फार दिवस टिकले नाही. याला कारण पुन्हा त्याच आजी.

मनाला टोचणी लागली होती, म्हणून एक दिवस ते चित्र छापून घेऊन मी शेजारच्या इमारतीत गेलो. आजी गच्चीवरच होत्या. भीतभीत चित्र पुढे केले आणि माफी मागितली. माफीकडे त्यांचे लक्षच नव्हते. डोळ्यांजवळ धरून त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई गं, किती सारखे आलेत! सुनेला दाखवते. म्हणते, तुम्हाला आता गोल लाटता येत नाहीत.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “पण यात मी कुठंय?” मी बोट ठेवून दाखवले. “हे होय! नुसतं डोकंच की!” आणि त्या मनमोकळ्या हसल्या. “आता आलाच आहात, तर इकडून एक नीट काढा.”

त्यांनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि भिंतीला पाठ लावून त्या ताठ उभ्या राहिल्या. मी चित्र काढले. चेहरा उत्तम आला. पण ते चित्र आपल्या प्रत्येकाच्या घरी असते तसले. त्यात पापड नव्हते, ऊन नव्हते, गच्ची नव्हती. वरच्या चित्रात आजींचे काम आले होते आणि आजी निसटल्या होत्या. समोरच्या चित्रात आजी आल्या आणि त्यांची सकाळ निसटली.

घरी येऊन मी पुस्तके पुन्हा उघडली. वू आणि कानहाम यांच्या कामाविषयीचा आदर तसाच आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यात गच्चीवरचा वारा लागत नाही. मापे काटेकोर आहेत, पोरांचा आरडाओरडा नाही. तो जाके-लाग्रेझच्या चित्रांत, इतक्या उंचीवरूनही, ऐकू येतो. आणि त्याच्या उंचीचा एक गुण मी आधी पाहिलाच नव्हता. त्या अंतरावरून चेहरा सहसा ओळखता येत नाही. ज्याची परवानगी घेतली नाही, त्याचे नाव-गाव तरी तो उघड करीत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये उभे असलेले एक काम मला या संदर्भात नेहमी आठवते. ग्रेग जिरार्ड आणि इयन लँबट यांचे १९९३ चे ‘सिटी ऑफ डार्कनेस’. कौलूनची तटबंदीची नगरी म्हणून ओळखली जाणारी, अवघ्या साडेसहा एकरांवरली ती वस्ती. १९८७ च्या सरकारी पाहणीत तेथे सुमारे ३३ हजार माणसे राहत होती. खालच्या गल्ल्यांत दिवसाही दिवे लावावे लागत, म्हणून मोकळा श्वास घ्यायला माणसे गच्चीवर येत. पोरे अँटेनांच्या रानात खेळत आणि डोक्यावरून काई ताकची विमाने जात. या दोघांनी तेथे वर्षानुवर्षे जाऊन-येऊन ते टिपले. या गच्चीवरच्या चित्रांत कॅमेरा ना मनोऱ्यावर आहे, ना पलंगाशेजारी. तो त्या पोरांबरोबर गच्चीवरच उभा आहे. १९९३-९४ मध्ये ती सारी वस्ती पाडली आणि तेथे बाग केली. आज त्या गच्च्या असतील तर अशा पुस्तकांतच आहेत.

म्हणून अशी चित्रे कोणी काढूच नयेत, असे मी आता म्हणणार नाही. गच्च्या जात आहेत. कोणी टिपल्या नाहीत तर त्या होत्या हेही कळणार नाही. फक्त चित्र पाहताना मी एक प्रश्न विचारू लागलो आहे: हे ज्याचे आहे त्याच्या हातात नेऊन देता येईल का? तो हसेल, की तोंड फिरवील? चित्र किती उंचीवरून काढले हा मुद्दा त्यापुढे दुय्यम आहे. उंचावरून काढलेले कित्येक फोटो या कसोटीला उतरतात, आणि अगदी जवळून, परवानगी घेऊन काढलेले कित्येक उतरत नाहीत.

या दिवाळीत आपल्यापैकी बरेच जण आकाशकंदील लावायला गच्चीवर जातील. प्रत्येकाच्या खिशात आता कॅमेरा असतोच. पलीकडच्या गच्चीवर कोणी पणत्या मांडत असेल, चित्र सुरेख येईल. अवश्य काढावे. मग दुसऱ्या दिवशी फराळाचे ताट घेऊन जाताना ते चित्रही बरोबर न्यावे.

आमच्या शेजारच्या आजींनी माझी दोन्ही चित्रे भिंतीवर एकाशेजारी एक लावली आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या आधी पापडांचे दाखवतात.