एकट्यापुरते

मेघदूतातला यक्ष रामगिरीवर आठ महिने काढतो. प्रियेच्या आठवणीने तो इतका वाळतो की हातातले सोन्याचे कडे गळून पडते. मग आषाढातला मेघ दिसतो आणि काव्य पुढे चालू लागते. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे आपले रामटेकच, असे मानणारे विद्वान पुष्कळ आहेत. आणि चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शान्ता शेळके अशा थोरांनी हे काव्य मराठीत आणून यक्षाला घरचाच करून टाकला आहे. तेव्हा घरच्या माणसाला विचारावा असा एक साधा प्रश्न त्याला विचारण्यास हरकत नसावी. आठ महिने हा गृहस्थ जेवत काय होता?

प्रश्न थट्टेचा वाटेल, परंतु तसा तो नाही. कालिदासाला वाटेवरची पिकलेली जांभळे दिसतात, नांगरलेल्या शेताचा वास येतो. अलकेतली यक्षपत्नी उंबरठ्यावर फुले मांडून दिवस मोजते, मांडीवर वीणा घेते, तेही त्याला दिसते. दिसत नाही ती फक्त चूल. विरहात माणूस झुरतो, जागतो, रडतो, हे कवींनी शेकडो वर्षे सांगितले. विरहात माणसाला दुपारी भूकही लागते, आणि मग तो उठून काहीतरी शिजवतो, ही गोष्ट मात्र वाङ्मयाच्या मुदपाकखान्यात कोणी फिरकू दिली नाही.

शास्त्रकारांनी निदान यादी तरी केली. याज्ञवल्क्यस्मृतीत नवरा परगावी गेलेल्या स्त्रीने काय टाकावे ते सांगितले आहे : खेळ, नटणेथटणे, समारंभ आणि उत्सव पाहणे, हसणे आणि परक्याच्या घरी जाणे. यादी कडक आहे खरी. पण जेवण टाकावे असे त्या श्लोकात म्हटलेले नाही. ते काम आमच्या घरांनी शास्त्राच्या मदतीवाचून पार पाडले. त्यासाठी एकच वाक्य पुरले : "एकटीसाठी कोण करीत बसणार?" मराठी घरात पिढ्यान् पिढ्या बोलले गेलेले हे वाक्य कोणत्याही पुस्तकात छापलेले नसले, तरी आमच्या सर्व पाकपुस्तकांच्या मुळाशी ते बसलेले आहे.

ही पुस्तके जरा पाहू. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले, तेव्हापासून मराठीत छापील पाककलेची परंपरा धरतात. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आले. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने तर घरोघर ठाण मांडले. रुचिराचा मोठेपणा असा की तिने शेर-छटाक आणि 'अंदाजाने' यांच्या तावडीतून नव्या मुलीला सोडवले आणि तिच्या हाती वाटी-चमचा दिला. ज्या मुलीला सांगायला आई जवळ नाही आणि विचारायला सासूची भीती वाटते, तिला हे पुस्तक आधाराचे झाले. कमलाबाईंना लोक कौतुकाने 'एक लाख सुनांची सासू' म्हणत, ते उगीच नव्हे.

परंतु या कौतुकातच या परंपरेची मर्यादा दिसते. एक पुस्तक गृहिणीचे मित्र, दुसऱ्याची लेखिका सुनांची सासू! दोन्हीकडे वाचणारी बाई कोणासाठी तरी रांधणारी आहे. समोर पंगत आहे, निदान चार माणसे आहेत, आणि त्यांत तिचे पान शेवटचे आहे. पंगत उठून गेली, माणसे गावाला गेली, आणि ती एकटीच ओट्यापाशी उभी राहिली, तर तिच्याशी बोलणारे प्रकरण या परंपरेला सुचले नाही. गृहिणीला मित्र मिळाला. एकट्या माणसाला मिळाला नाही.

यावर कोणी म्हणेल, त्यात काय एवढे? चौघांचे प्रमाण चाराने भागले की झाले! मी मुलांना त्रैराशिक शिकवीत आले आहे आणि स्वयंपाकही करीत आले आहे, म्हणून सांगते, चुलीपाशी त्रैराशिक चालत नाही. चौघांच्या भाताला जेवढे पाणी लागते त्याच्या चौथाईत एकाचा भात नीट शिजत नाही, कारण वाफ तांदळाचा हिशेब पाहत नाही, भांड्याचे तोंड पाहते. दोन चमचे तेलाची फोडणी मोठ्या कढईत पसरते आणि मोहरी तडतडण्याआधी हिंग जळतो. दोन चमचे खोबरे मिक्सरच्या भांड्याच्या कडेला चिकटून बसते, पात्याला लागतच नाही. पुरण तर एकट्यासाठी घालताच येत नाही. एकट्याचा स्वयंपाक ही चौघांच्या स्वयंपाकाची लहान आवृत्ती नसून ती निराळीच विद्या आहे. तिची भांडी निराळी, तिचे पदार्थ निराळे. जुन्या घरांतली लहान लोखंडी पळी आणि वीतभर कढले ही त्या विद्येची उरलेली खूण होय.

पाकपुस्तकांनी हा विषय सोडला, तो विनोदाने उचलला. बायको माहेरी गेली आणि नवऱ्याने स्वयंपाक केला, ही कथा आमच्या दिवाळी अंकांतून इतक्यांदा येऊन गेली आहे की वाचकाला तिचा शेवट आधीच ठाऊक असतो. भात करपतो, दूध उतू जाते, मीठ समजून साखर पडते, आणि शेजारच्या काकू डबा घेऊन येतात. हसू येते, नाही असे नाही. परंतु या कथेने दोन अन्याय केले. पुरुषाला तिने कायमचे पोर करून ठेवले. आणि हीच कथा उलट बाजूने लिहिण्याची गरजच नाही, असे ठरवून टाकले. नवरा गावाला गेला तर बायको काय जेवते? त्यात विनोद नाही, म्हणून कथाही नाही.

या विनोदी नवऱ्याच्या मागे खरा पुरुष उभा आहे, आणि त्याची गोष्ट हसण्यासारखी नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार बायकामुलांना गावी ठेवून गावकीच्या खोल्यांत दाटीने राहत. ते वर्षानुवर्षे खाणावळीत जेवले. त्यांना रांधून घालणाऱ्या बायांपैकी कित्येक गिरणी कामगारांच्याच घरच्या होत्या. त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. विचार करावा अशी ही व्यवस्था होती. एका घरची बाई दुसऱ्या घरच्या एकट्या पुरुषाला गरम भाकरी वाढीत होती, आणि त्या पुरुषाची बायको दूर गावी चुलीपुढे एकटी बसून काय खात होती, याची नोंद कुठल्याही वहीत नव्हती. मनीऑर्डर यायची, तिची मात्र पावती असे.

आमच्या चंदनसारला ही जुनी व्यवस्था नव्या रूपात रोज दिसते. विरारहून मुंबईला जाणारी लोकल १८६७ साली सुरू झाली. तेव्हापासून या गावाचा अर्धा जीव गाडीत असतो. जीवदानीच्या डोंगराच्या या बाजूला पूर्वी शेतीवाडी होती, आता चाळी आणि इमारती आहेत, आणि त्यांत कोकण, खानदेश, घाट, उत्तरेकडचा मुलूख असे सगळे एका जिन्यावर नांदतात. कोणाची रात्रपाळी, कोणाची मे महिन्यात गावाकडे रवानगी, कोणाची गणपतीत. एक माणूस घरात मागे उरतोच. मी एकदा वर्गात निबंधाला विषय दिला : 'आई गावाला गेली की' किंवा 'बाबा गावाला गेले की'. मुलांनी जे लिहिले ते वाचताना मला वाटले की आमच्या पाकपुस्तकांत नसलेले प्रकरण या वह्यांत आहे.

आई नसली की बाबा अंड्याची बुर्जी करतात, पाव आणतात, आणि तिसऱ्या दिवशी खिचडीला लागतात; त्यात हास्यकथेतले करपणे फारसे नव्हते. बाबा नसले की काय, याची उत्तरे मात्र दोन तऱ्हांची होती. काही मुलांनी लिहिले होते की आई चहा-चपाती खाते, किंवा सकाळचेच संपवते. म्हणजे तेच जुने वाक्य. पण काहींच्या घरी निराळेच घडत होते. एका घरी त्या दिवशी जवळा भाजला जातो, कांद्यावर परतून आमसूल टाकून त्याची चटणी होते, कारण बाबांना सुक्या मासळीचा वास सोसत नाही. दुसऱ्या घरी कुळथाची पिठी होते. आई रत्नागिरीकडची, बाबा घाटावरचे. कुळीथ म्हणजे घोड्याचे खाणे, असे त्यांचे ठाम मत. एरवी ती पिठी घरात शिजत नाही. ते गाडीत बसले की डब्याच्या तळातून कुळथाचे पीठ वर येते.

मला सांगावयाचे ते येथे आहे. संसार म्हणजे दोन जिभांमधली तडजोड होय, आणि या तडजोडीत बहुधा एक जीभ गप्प बसते. जोडीदार गावाला गेला म्हणजे ती बोलू लागते. ती माहेरची भाषा बोलते, लहानपणाची बोलते. बारा वर्षांच्या संसारात आपल्याला काय आवडत होते हे बाई विसरून गेलेली असते, ते त्या दुपारी तिला आठवते. पुरुषाचेही तसेच, शाकाहारी घरात वाढलेल्या बायकोच्या मागे जो हळूच अर्नाळ्याचे सुके बोंबील भाजतो, तो चोरी करीत नसतो, आपल्या आईला भेटत असतो. माणसाने एकट्यासाठी रांधलेले ताट हे त्याचे खरे आत्मचरित्र आहे. आमच्या वाङ्मयाने पंगतीचे वर्णन पोटभर केले, पण हे आत्मचरित्र वाचले नाही.

आणि म्हणूनच चहा-चपातीचे ताट मला अस्वस्थ करते. त्याला आपण साधेपणा म्हणतो, त्याग म्हणतो, प्रसंगी त्याचे गोडवे गातो. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. याची कारणे अनेक आहेत. 'एकटीसाठी कोण करीत बसणार' हे त्यांतले एक नसेल, असे मला म्हणवत नाही. जी स्वतःला ताट वाढण्याजोगे माणूस मानीत नाही, तिने चौघांना सुग्रास वाढले तरी त्या घरात एक माणूस उपाशीच आहे.

याला अपवाद नाही असे नाही. दुर्गाबाई भागवत आयुष्यभर अविवाहित राहिल्या, आणि स्वयंपाकावर त्यांनी जे लिहिले ते 'खमंग' या नावाने वाचकांपुढे आले. लोकसाहित्याची ही प्रकांड पंडिता पदार्थाकडे ज्ञानाचा विषय म्हणून पाहत होती आणि आनंदाचाही. रांधण्याला नवऱ्याचे किंवा पंगतीचे निमित्त लागत नाही, स्वतःची जिज्ञासा आणि स्वतःची जीभ पुरते, हे त्यांनी आपल्या उदाहरणाने दाखवले. परंपरेला जे प्रकरण सुचले नाही त्याचे पहिले पान तेथे आहे.

ते प्रकरण पुरे व्हावयास हवे, आणि ते केवळ चार दिवसांच्या विरहासाठी नव्हे. गावाला गेलेले माणूस परत येते. पण प्रत्येक जोडीत एकाला एके दिवशी न परतणाऱ्याच्या मागे राहावे लागते. पूर्वी आमच्या उच्चवर्णीय घरांत विधवेच्या ताटावर एकभुक्ताचा पहारा असे. तो पहारा उठला. पण आजही पत्नी गेल्यावर सत्तरीचा माणूस बिस्किटांवर दिवस काढतो, आणि पती गेल्यावर बाई कुकर लावणेच सोडते. त्यांना पुरणपोळीची कृती नको आहे. अर्धी वाटी तांदळाच्या पिठाला दीड वाटी आंबट ताक-पाणी, लसूण-मिरची-हिंगाची फोडणी, गुठळी होऊ न देता घोटून झाकण ठेवून एक वाफ, आणि वर कच्चे तेल : ही उकड एकट्याला पुरते, करपत नाही, उरत नाही आणि ऊन ऊन खाता येते. अशा पन्नास कृती आणि त्यांच्या आरंभी 'तुझ्यासाठीही रांधायचे असते' हे एक वाक्य, एवढे ज्या पुस्तकात असेल ते पुस्तक मराठीत यावे.

भाऊबीज झाली की पुष्कळ घरांतून माणसे पांगतील. कोणी माहेरी जाईल, कोणी कामावर. मागे राहणाऱ्याला चिवड्या-चकलीचा डबा दिसेल आणि त्यावरच भागवण्याचा मोह होईल. त्याने फराळ जरूर करावा. पण संध्याकाळी लहान भांडे चुलीवर ठेवावे, आपल्याला खरोखर काय खावेसे वाटते हे स्वतःला विचारावे, आणि झाल्यावर ते भांड्यातूनच न खाता नीट ताटात वाढून घ्यावे.