‘गरज सरो, वैद्य मरो’ एवढ्यावर भागतं का? अमेरिका-पाकिस्तान संबंधांवरची दोन पुस्तकं वाचताना

आंतरराष्ट्रीय संबंधांवरच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: बदलत्या जागतिक परिस्थितीत अमुक देशाच्या परराष्ट्र धोरणाचे प्राधान्यक्रम बदलले. वाक्य चुकीचं नाही. पण तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, ‘बदलले हे कशावरून?’ तर पंचाईत होते. भाषणांवरून? मदतीच्या आकड्यांवरून? की पुढे काय घडलं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून मागे वळून तसं वाटतंय?

हा एकच प्रश्न हातात धरून आज दोन पुस्तकं वाचू. पहिलं डेनिस कक्स यांचं ‘डिसएन्चान्टेड अलाइज’. ते २००१ साली आलं आणि त्यात १९४७ ते २००० पर्यंतचे अमेरिका-पाकिस्तान संबंध आहेत. कक्स अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतले निवृत्त अधिकारी. दुसरं हुसेन हक्कानी यांचं ‘मॅग्निफिसंट डिल्यूजन्स’, २०१३ चं. हक्कानी २००८ ते २०११ या काळात पाकिस्तानचे वॉशिंग्टनमधले राजदूत होते. या विषयावर काम करायचं असेल तर दोन्ही वाचावीच लागतात. पण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये त्यांचा सारांश देऊन पुढे जाऊ नका, कारण अडचण दोन्ही पुस्तकांच्या मांडणीतच आहे.

आधी शीर्षकं बघा. एकात भ्रमनिरास झालेले मित्र, दुसऱ्यात भव्य भ्रम, आणि उपशीर्षकात दीर्घ गैरसमजाचा इतिहास. कक्स यांच्या भारत-अमेरिका संबंधांवरच्या आधीच्या पुस्तकाच्या नावातही दुरावलेल्या लोकशाह्या आहेत. म्हणजे सगळी भाषा नात्यागोत्याची: प्रेम, रुसवा, फसवणूक, काडीमोड. पाकिस्तानात हीच गोष्ट विश्वासघाताची म्हणून सांगितली जाते. आपल्याकडे ती ‘गरज सरो, वैद्य मरो’ अशी सांगतात, आणि सांगताना थोडी मजाही घेतात. अडचण अशी, की या भाषेत प्रत्येक घटनेचं कारण आधीच ठरलेलं असतं. मदत सुरू झाली म्हणजे गरज होती, बंद झाली म्हणजे गरज सरली. मग पुरावा शोधायचा कशाला?

१९६५ चं उदाहरण घेऊ. युद्ध सुरू झालं आणि अमेरिकेनं दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. पाकिस्तानची बहुतेक भिस्त अमेरिकन शस्त्रांवर होती, त्यामुळे फटका त्यालाच जास्त बसला. विश्वासघाताच्या कथेतलं हे पहिलं मोठं प्रकरण. पण अमेरिकेचं प्राधान्य १९६५ मध्ये बदललं का? १९५४ मध्ये पाकिस्तानला लष्करी मदत द्यायचं ठरलं तेव्हाच आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र लिहून आश्वासन दिलं होतं की ही मदत भारतावरच्या आक्रमणासाठी वापरू दिली जाणार नाही. अमेरिकेला कम्युनिस्ट गटाविरुद्ध साथीदार हवा होता. पाकिस्तानला भारताची बरोबरी हवी होती. ही तफावत पहिल्या दिवसापासून उघड होती. १९६५ मध्ये तिचं बिल आलं, एवढंच. कक्स हे तपशील प्रामाणिकपणे देतात. कुठलीही बाजू न घेता क्रमानं सांगणं ही त्यांची ताकद. पण दर अध्यायाला संबंध वर गेले, संबंध खाली आले, असा आलेख काढत गेल्यामुळे ‘इथे प्राधान्य बदललं’ आणि ‘इथे जुनीच तफावत उघडी पडली’ हे दोन वेगळे प्रकार त्यांच्याकडे एकाच रंगात दिसतात.

हक्कानी यांचा सिद्धांत जास्त धारदार आहे. दोन्ही देश एकमेकांबद्दल आणि स्वतःबद्दल भ्रमात राहिले, असं ते म्हणतात. आपलं भौगोलिक स्थान इतकं मोलाचं आहे की अमेरिका शेवटी भारताविरुद्ध आपल्या बाजूनं येईलच, असं पाकिस्तानला वाटत राहिलं. पैसे आणि शस्त्रं दिली की पाकिस्तानचा विचार बदलेल, असं अमेरिकेला वाटत राहिलं. स्वतः त्या व्यवस्थेत राहिलेल्या माणसानं आपल्याच सत्ताधाऱ्यांबद्दल इतकं सडेतोड लिहिणं सोपं नाही, हे मान्य करायला हवं. पण त्यांनी दिलेले पुरावे नीट वाचले तर त्यांचाच ‘गैरसमज’ हा शब्द टिकत नाही. दोन्ही बाजूंना एकमेकांची उद्दिष्टं बऱ्यापैकी ठाऊक होती. ठाऊक असून तिकडे काणाडोळा केला, कारण त्या त्या वेळी ते सोयीचं होतं. गैरसमज आणि हिशेबी काणाडोळा यांत मोठा फरक आहे. गैरसमज असेल तर उपाय संवाद. काणाडोळा असेल तर कोण, कशाच्या बदल्यात आणि किती काळ गप्प बसलं, हे शोधावं लागतं.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते १९७९ ते १९९० या काळात. एप्रिल १९७९ मध्ये कार्टर प्रशासनानं सिमिंग्टन दुरुस्तीखाली पाकिस्तानची मदत तोडली, कारण युरेनियम समृद्ध करण्याचा कार्यक्रम. डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. काही आठवड्यांत त्याच कार्टर यांनी ४० कोटी डॉलर देऊ केले. झिया उल हक यांनी ते ‘शेंगदाणे’ म्हणून धुडकावले, तेही भुईमुगाची शेती असलेल्या राष्ट्राध्यक्षाला. १९८१ मध्ये रेगन प्रशासनाशी सहा वर्षांसाठी ३२० कोटी डॉलरचं पॅकेज ठरलं, शिवाय एफ-१६ विमानं. सिमिंग्टन दुरुस्तीतून सूटही मिळाली.

इथे मात्र ‘प्राधान्य बदललं’ असं ठामपणे म्हणता येतं. मदत वाढली हे त्याचं कारण नव्हे. एका गोष्टीसाठी दुसरी, आधी जाहीरपणे महत्त्वाची मानलेली गोष्ट अमेरिकेनं खाली ठेवली, हे खरं कारण. अण्वस्त्र प्रसार रोखण्यासाठी जो कायदा आठ महिन्यांपूर्वी वापरला, तोच बाजूला सारला. प्राधान्य म्हणजे दोन हव्याशा गोष्टींपैकी एक सोडणं. जिथे काही सोडलेलं दिसत नाही, तिथे प्राधान्य बदलल्याचा दावा जपून करावा.

आता १९९०. प्रेसलर दुरुस्तीनुसार पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असं प्रमाणपत्र राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी द्यायचं होतं. ते मिळालं तरच मदत. ऑक्टोबर १९९० मध्ये बुश यांनी ते दिलं नाही आणि मदत थांबली. वैद्य मेला, असं आपण लगेच म्हणतो. पण तारखा लावून बघा. शेवटचा सोव्हिएत सैनिक फेब्रुवारी १९८९ मध्येच अफगाणिस्तानातून बाहेर पडला होता, आणि त्यानंतर ऑक्टोबर १९८९ मध्ये बुश यांनी प्रमाणपत्र दिलेलं होतं. गरज फेब्रुवारीत सरली असेल, तर हे प्रमाणपत्र कशासाठी?

याची दोन उत्तरं संभवतात. एक: काबूलमध्ये नजीबुल्ला सरकार तगून होतं, म्हणून गरज पूर्ण सरली नव्हती, ती हळूहळू विरत गेली. दोन: १९९० मध्ये पाकिस्ताननं अणुकार्यक्रमात पुढचं पाऊल टाकलं, त्यामुळे प्रमाणपत्र देणं अशक्य झालं. ही अमेरिकेची अधिकृत बाजू. पाकिस्तानचं म्हणणं, आमची क्षमता तीच होती, बदलली ती अमेरिकेची नजर. दोन्ही स्पष्टीकरणं त्याच तारखांत बसतात. म्हणून तारखांचा क्रम हा पुरावा पुरेसा नाही. गुप्तचर मूल्यमापनात १९८९ आणि १९९० मध्ये नेमका काय फरक होता आणि व्हाइट हाउसमध्ये त्यावर काय वाद झाला, हे कागदपत्रांतून दाखवावं लागेल. शोधप्रबंधाला लागणारा प्रश्न असा असतो. दोन्ही पुस्तकं त्याच्या दारापर्यंत नेतात, आत शिरत नाहीत.

आणखी एक गंमत. प्रेसलर दुरुस्ती पाकिस्तानात शिक्षा म्हणून ओळखली जाते. पण १९८५ मध्ये तिचा जन्म झाला तो जास्त कडक प्रस्तावाला पर्याय म्हणून, मदत चालू ठेवता यावी यासाठी. सिनेटमधल्या काहींना अशी अट हवी होती की पाकिस्तान अण्वस्त्र बनवतही नाही, हे राष्ट्राध्यक्षांनी सांगावं. ते सांगणं कठीण, म्हणून अट ‘बाळगत नाही’ एवढ्यावर आणली. पळवाट म्हणून काढलेला रस्ता पाच वर्षांनी बंद झाला. यातून कळतं की ‘अमेरिकेचं प्राधान्य’ असं एकसंध काही नव्हतं. व्हाइट हाउसची यादी वेगळी, अमेरिकन काँग्रेसची वेगळी, आणि कायद्यात अडकलेलं जुनं प्राधान्य नव्याच्या वाटेत उभं राहतं. एफ-१६ चंच घ्या. पाकिस्ताननं पैसे भरलेली २८ विमानं या कायद्यामुळे अडकली. तोडगा निघाला १९९८ अखेरीस, काही रोख रक्कम आणि काही गव्हासारख्या मालाच्या रूपात. प्राधान्य बदललं तरी करार मागे उरतात.

वैद्याच्या म्हणीत आणखी एक खोट आहे. त्यात वैद्य बिचारा, रुग्ण कृतघ्न. प्रत्यक्षात वैद्यही रुग्ण बदलत होता. १९६२ च्या युद्धानंतर अमेरिकेनं भारताला शस्त्रं दिली, तसा पाकिस्तान चीनकडे सरकला. १९६३ मध्ये त्यानं चीनशी सीमाकरार केला. पेशावरजवळच्या बडाबेर इथल्या अमेरिकन हेरगिरी तळाचा करार १९५९ पासून दहा वर्षांचा होता. १९६८ मध्ये पाकिस्ताननं मुदतवाढ देणार नाही असं कळवलं. हातातलं सगळ्यात मोठं नाणं पाकिस्ताननं स्वतः खाली ठेवलं. ‘काय सोडलं’ ही कसोटी लावली तर हेही प्राधान्य बदलणंच, आणि ते छोट्या भागीदारानं केलेलं.

मग हा छोटा भागीदार या पुस्तकांत इतका धूसर का दिसतो? कारण स्रोत. अमेरिकेचे कागद मुदतीनंतर खुले होतात, परराष्ट्र खात्याची दस्तऐवज मालिका इंटरनेटवर फुकट वाचता येते. पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्याचे कागद बहुतांशी बंद आहेत. परिणामी अयूब किंवा झिया काय म्हणाले, हे आपण अमेरिकन राजदूतानं पाठवलेल्या तारेतून वाचतो. हक्कानींसारखा पाकिस्तानी लेखकही मोठ्या प्रमाणात त्याच तारांवर विसंबतो. समोरचा माणूस मदत मागायला आलेला असताना जे बोलतो, तेवढंच तारेत उतरतं. घरी सहकाऱ्यांशी काय बोलला, ते नाही. मग पाकिस्तान सतत मागणारा आणि नाटकी दिसला तर नवल काय? तुमच्या प्रबंधात ही मर्यादा पहिल्याच प्रकरणात लिहा, आणि संसदीय चर्चा, उर्दू वर्तमानपत्रं, सेनाधिकाऱ्यांची आत्मचरित्रं यांनी ती थोडी तरी भरून काढता येते का, ते बघा.

शेवटी आपल्या जवळचं. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेनं भारताबरोबर सामरिक भागीदारीची पुढची पावलं जाहीर केली आणि त्याच वर्षी पाकिस्तानला नाटोबाहेरचा प्रमुख मित्र ठरवलं. मार्च २००५ मध्ये पाकिस्तानला एफ-१६ विकण्याचा निर्णय आणि भारताला मोठी जागतिक सत्ता व्हायला मदत करण्याची घोषणा एकाच वेळी झाली. प्राधान्यक्रम म्हणजे रेशनची रांग असती, तर हे कोडंच ठरलं असतं. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे भागीदार एकाच वेळी वर असू शकतात. पाकिस्तानची गोष्ट आपण फसवणुकीची म्हणून वाचतो आणि आपली स्वतःची गोष्ट नैसर्गिक मैत्रीची म्हणून. संशोधकाला ही सवलत घेता येत नाही. दोन्हींना एकच कसोटी लावावी लागते.

दोन्ही पुस्तकं जरूर वाचा. घटनाक्रमासाठी कक्स आधी, युक्तिवादासाठी हक्कानी नंतर. वाचताना वहीत चार रकाने आखा: तारीख, निर्णय कुणी घेतला, त्यासाठी काय सोडलं, आणि हे आपल्याला कुणाच्या कागदातून कळतंय. तिसरा रकाना रिकामा राहिला त्या ओळीपुढे ‘प्राधान्य बदललं’ असं लिहू नका. चौथ्या रकान्यात सगळीकडे एकाच देशाचं नाव आलं, तर गाइडकडे जाण्याआधी विषयाचं शीर्षक पुन्हा एकदा वाचून बघा.