दुसऱ्या मेंदूची वकिली

भीतीने पोटात गोळा येतो, हे मराठी माणसाला शरीरशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण पोट वारंवार दुखते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होते आणि तपासण्यांत मात्र काहीच सापडत नाही, असे वर्षानुवर्षे चालले की त्याच माणसाला ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे ऐकावे लागते. या विकाराला इरिटेबल बाउल सिंड्रोम किंवा थोडक्यात आयबीएस म्हणतात. कोलंबिया विद्यापीठातील मायकेल गेर्शॉन यांनी १९९८ साली लिहिलेल्या ‘द सेकंड ब्रेन’ या पुस्तकात अशा रुग्णांची बाजू हिरिरीने मांडली आहे. पुस्तक जुने झाले, पण त्यातले ‘दुसरा मेंदू’ हे रूपक आज सर्वतोमुखी आहे. म्हणून ते नव्याने पारखून घ्यायला हवे.

पुस्तकाचे बलस्थान म्हणजे त्यातील इतिहास. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ साली कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या चेता तोडल्या. तरीही आतून दाब पडताच आतडे अन्न पुढे ढकलू लागले! आतड्याच्या भित्तीत स्वतःचे चेताजाल आहे, त्यात कोट्यवधी चेतापेशी आहेत आणि शरीरातील सुमारे ९५ टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असते, हे गेर्शॉन मिश्कील भाषेत समजावतात. सेरोटोनिन हा या चेताजालातला संदेशवाहक आहे, हे मान्य करून घेण्यासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. विज्ञानात मतभेद कसे मिटतात याचा तो उत्तम धडा आहे.

अडचण पुढे येते. आतड्याची बाजू जिंकताना रुग्णाच्या मनाला पुस्तकात फारच थोडी जागा उरते. आतडे विचार करत नाही, हे गेर्शॉन स्वतः सांगतात. पण रूपकाचा पसारा त्या खुलाशापेक्षा मोठा ठरला. ‘आनंदाचे रसायन पोटात तयार होते’ अशी वाक्ये आज सर्रास वाचायला मिळतात. वास्तविक आतड्यातील सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही.

मग मन आणि आतडे यांत आधी बिघडते कोण? ऑस्ट्रेलियात एका लोकसमूहाचा १२ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. आरंभी चिंताग्रस्त असलेल्यांना पुढे पोटाचे असे विकार अधिक जडले. आणि आरंभी फक्त पोटाचा विकार असलेल्यांत पुढे चिंता व नैराश्य अधिक आढळले. वाट दुहेरी आहे. अनेक पाहण्या एकत्र करणाऱ्या २०१९ च्या आढाव्यात आयबीएसच्या सुमारे ३९ टक्के रुग्णांत चिंतेची आणि २९ टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणे दिसली. हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. पण याचाच अर्थ असा, की बहुसंख्य रुग्णांत चिंतेची लक्षणे नव्हती. तेव्हा ‘सगळे मनाचेच’ हे विधान जितके चूक, तितकेच ‘मनाचा संबंध नाही’ हेही चूक. २०१६ साली तज्ज्ञांच्या ‘रोम’ निकषांत या गटाला ‘आतडे-मेंदू परस्परक्रियेचे विकार’ असे नाव मिळाले ते यामुळेच. वर्तनोपचाराने काही रुग्णांचे पोट सुधारते, म्हणून त्यांचे दुखणे खोटे ठरत नाही.

शिक्षकांना हा वाद दूरचा वाटू नये. अॅप्ली आणि नेश यांनी १९५८ साली इंग्लंडमधील १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे दहा टक्के मुलांना वारंवार पोटदुखी होती. अशी प्रत्येक पोटदुखी म्हणजे आयबीएस नव्हे. पण परीक्षेच्या सकाळी पोट दुखते म्हणणारे मूल ढोंगच करते, असा निकाल देण्याआधी थांबावे. भीती खरी असते आणि कळही खरी असते. वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे किंवा रात्री वेदनेने जाग येणे असे काही असेल, तर डॉक्टरांकडे नेण्यात दिरंगाई नको.

गेर्शॉन यांचे पुस्तक जरूर वाचावे. मात्र पहिला आणि दुसरा मेंदू यांच्यातली भिंत पुस्तकात दिसते तितकी पक्की नाही, हे वर्गात सांगायला विसरू नये.