उडीचे कर्तृत्व : 'टूम रेडर'चा पुनरारंभ आणि खेळाडूंचा अपेक्षाभंग

१

लोकप्रिय कलाकृतीच्या नव्या अवताराविषयी तिच्या जुन्या रसिकांनी व्यक्त केलेली नाराजी समीक्षेने सहसा गंभीरपणे घेतलेली नाही. तीत स्मरणरंजन, सवयीचा हट्ट आणि नव्याविषयीचा दुस्वास यांपलीकडे काही नसते, असे गृहीत धरले जाते. व्हिडिओ-गेमच्या बाबतीत ही उपेक्षा दुहेरी होते. एक तर हा प्रकारच निव्वळ करमणुकीचा म्हणून बाजूला ठेवला जातो. आणि दुसरे असे, की त्याच्या चाहत्यांची तक्रार पुष्कळदा कथानकाविषयी किंवा पात्राविषयी नसून एखादी कळ दाबल्यावर काय घडते, याविषयी असते. अशी तक्रार तांत्रिक वाटते. वाङ्मयीन विचाराशी तिचा काही संबंध असेल असे वाटत नाही. 'टूम रेडर' या मालिकेच्या पुनरारंभाला मिळालेला प्रतिसाद तपासला तर मात्र ही समजूत टिकत नाही. कळीविषयीची ही तक्रार वस्तुतः रूपबंधाविषयीची तक्रार आहे. आणि ती करणारा खेळाडू, त्याची भाषा कितीही ओबडधोबड असली तरी, समीक्षेचेच काम करीत असतो.

२

'टूम रेडर' हा पहिला खेळ १९९६ मध्ये इंग्लंडमधील डर्बी येथील कोअर डिझाइन या संस्थेने सिद्ध केला. टोबी गार्ड याने कल्पिलेली लारा क्रॉफ्ट ही नायिका पुरातन वास्तूंत शिरते आणि मोडके पूल, खोल विवरे, सरकते दगड यांतून वाट काढते, एवढेच त्याचे कथासूत्र. खेळाडू तिला पाठीमागून पाहतो आणि कळींच्या साहाय्याने तिला चालवितो. या खेळाचे खरे संघटन कथेत नसून अवकाशात आहे. त्यातील सारे जग समान आकाराच्या चौकोनी ठोकळ्यांचे बनलेले आहे आणि लाराची प्रत्येक हालचाल त्या चौकोनाच्या मापाने बांधलेली आहे. उभ्याने मारलेली उडी एक चौकोन ओलांडते, धावत मारलेली दोन. आणि धावत उडी मारून पलीकडची कड हाताने धरली तर तीन. कड आपोआप धरली जात नाही. त्यासाठी वेगळी कळ दाबून ठेवावी लागते. सावकाश चालण्याची कळ दाबली असता लारा कडेवरून खाली पडत नाही. म्हणून लांब उडीपूर्वी कडेपर्यंत चालत जायचे, एक उडी मागे घ्यायची, मग धावायचे आणि कड येण्यापूर्वीच उडीची कळ दाबून ठेवायची, असा एक क्रम ठरून जातो.

या क्रमाची प्रकृती वृत्ताच्या प्रकृतीशी मिळतीजुळती आहे. चौकोन ही येथील मात्रा. मागे घेतलेले पाऊल आणि कडेशी क्षणभर थांबणे ही यती. वृत्ताची घडण कानात मुरली म्हणजे पुढचा चरण कोठे विसावणार हे जसे ऐकणाऱ्याला आधीच जाणवते, तसे हे माप हातात मुरलेल्या खेळाडूला समोरची दरी ओलांडता येईल की नाही, हे उडीपूर्वीच कळते. साम्य मात्र येथेच संपते. वृत्तभंगाने वाचकाला फार तर खटकते. येथे मापाची चूक झाली तर लारा मरते. आणि माप अढळ असल्यामुळे ती चूक कोणाची, याविषयी शंका राहत नाही. दरी फसवी नव्हती, नियम बदलला नव्हता; चुकला तो खेळाडूच. एस्पेन ऑर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात ज्या संहितांतून वाट काढण्यासाठी नुसती नजर फिरविणे पुरत नाही, प्रयत्न करावा लागतो, अशा संहितांचा स्वतंत्र विचार केला. 'टूम रेडर'मध्ये त्या प्रयत्नाला एक नैतिक परिमाणही लाभते: उडीचे कर्तृत्व, आणि म्हणून उत्तरदायित्वही, निःसंदिग्धपणे खेळाडूचे असते.

हे माप चाहत्यांनी किती आत्मसात केले होते याचा पुरावा त्यांच्या निर्मितीत मिळतो. २००० मध्ये 'टूम रेडर : क्रॉनिकल्स' या खेळाच्या संगणकीय आवृत्तीबरोबर लेव्हल रचण्याचे साधनही खेळाडूंच्या हाती देण्यात आले. तेव्हापासून चाहत्यांनी त्याच चौकोनांतून हजारो लेव्हल रचल्या आहेत. म्हणजे हा समुदाय केवळ आस्वादकांचा नाही. त्यातील पुष्कळ जण त्याच 'वृत्तात' रचना करणारे आहेत. अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या सततच्या परिशीलनाने निर्मळ झालेल्या मनोरूपी आरशाचा निर्देश केला. येथे परिशीलन झाले आहे ते मनाइतकेच हाताचे. त्या हाताला जे खटकते ते केवळ सवयीला खटकते असे म्हणून सोडून देणे, हे सहृदयतेची सारी संकल्पनाच नाकारण्यासारखे आहे.

३

मालिकेची सूत्रे पुढे अमेरिकेतील क्रिस्टल डायनॅमिक्स या संस्थेकडे गेली. २००६ मधील 'लेजंड' या खेळात चौकोनांचे जग मोडले; लारा जवळची कड आपोआप धरू लागली. तरीही तेथे काहीसा जामीन ठेवलेला होता: उडी वेडीवाकडी पडली तर ती एका हाताने लोंबकळे आणि खेळाडूला वेळीच कळ दाबून तिला सावरावे लागे. २०१३ मध्ये 'टूम रेडर' हेच मूळ नाव घेऊन मालिकेचा पूर्ण पुनरारंभ झाला. येथे लारा एकवीस वर्षांची, अननुभवी तरुणी आहे. जहाज फुटून ती यामाताई नावाच्या बेटावर येऊन पडते. जखमी होते, थरथरते, स्वतःशी पुटपुटते. तिचे माणूसपण दाखविणे हा या खेळाचा घोषित हेतू होता, आणि समीक्षकांनी त्याचे मोठे कौतुकही केले.

याच हेतूने क्रीडारीतीचे काय केले, हे दोन उंचींची तुलना केली असता स्पष्ट दिसते. १९९६ च्या खेळात ग्रीसमध्ये 'सेंट फ्रान्सिस फॉली' नावाची लेव्हल आहे. तीत एक खोल, उभे विवर असून त्याच्या भिंतींना कडा आणि खांब आहेत. त्यांवरून उतरत नेपच्यून, थॉर, ॲटलस व डॅमोक्लीझ अशी नावे असलेल्या चार दालनांतून चार किल्ल्या मिळवायच्या आणि तळाचे दार उघडायचे. संगीत क्वचितच वाजते. लाराच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. तिला भय असल्याची एकही खूण नाही. खेळाडू मात्र कडेशी उभा राहून खाली पाहतो, अंतर मोजतो, मागे सरतो. २०१३ च्या खेळात संकटाचा संदेश पाठविण्यासाठी लारा एका गंजलेल्या रेडिओ-मनोऱ्यावर चढते. वारा घोंघावतो, लोखंड करकरते, पायाखालचे निखळते, तिचा श्वास अडकतो. खेळाडूला मात्र बहुतांशी 'वर' ही एकच दिशा दाबून धरायची असते. काय निखळणार आणि ती कोठे लोंबकळणार, हे आधीच ठरलेले आहे. जुन्या लाराला भीती ठाऊक नव्हती, ती खेळाडूला होती. नवी लारा भ्यालेली आहे, पण खेळाडूला भिण्याचे कारण उरलेले नाही.

येथे भयाचा आश्रयच बदलला आहे. ते खेळणाऱ्याच्या कृतीतून निघून पात्राच्या अभिनयात गेले आहे; म्हणजे अनुभवाचा विषय होते ते दर्शनाचा विषय झाले आहे. प्रकाशनापूर्वी, २०१२ मध्ये, या खेळाच्या एका निर्मात्याने मुलाखतीत असे सुचविले होते, की खेळाडूला लाराच्या जागी स्वतःला कल्पिण्यापेक्षा तिचे रक्षण करावेसे वाटेल. या विधानावर झालेली टीका प्रामुख्याने स्त्रीप्रतिमेच्या अंगाने झाली, आणि ती योग्यच होती. परंतु त्या विधानात क्रीडारीतीचेही अचूक वर्णन दडलेले होते. आपोआप धरल्या जाणाऱ्या कडा, चढण्याची वाट दाखविणारे पांढरे पट्टे, कळ दाबताच उजळणाऱ्या वस्तू, हे सारे खेळाडूला कर्त्याच्या स्थानावरून पालकाच्या स्थानावर नेणारे उपाय आहेत. पालकाला काळजी वाटते. पण उडी त्याची नसते.

४

चाहत्यांच्या प्रतिक्रियांत तीन तक्रारी पुन्हा पुन्हा आढळतात: थडगी कमी आणि गोळीबार फार, सारे फार सोपे, आणि ही आमची लारा नव्हे. पहिली तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. मालिकेच्या नावातच असलेली थडगी २०१३ मध्ये मुख्य मार्गाबाहेरची, ऐच्छिक आणि बहुधा एकेका कोड्यापुरती उरली. शिवाय पहिल्या मनुष्यहत्येने हादरणारी नायिका थोड्याच वेळात शत्रूंच्या टोळ्या संहारते. कथा एक सांगते आणि कृती दुसरे करावयास लावते, अशा विसंगतीवर क्लिंट हॉकिंग या रचनाकाराने २००७ मध्ये 'बायोशॉक'च्या संदर्भात बोट ठेवले होते. येथे तीच विसंगती अधिक ठळक होते.

दुसरी तक्रार मात्र स्वतःच्या विषयाला चुकीचे नाव देते. 'सोपे' हा परिमाणवाचक शब्द आहे. चाहत्यांना जाणवलेला फरक गुणात्मक आहे. जुना खेळही सरावाने सोपा होतो, तरी तेथील उडी खेळाडूचीच राहते. चुकीच्या नावाने केलेल्या तक्रारीला चुकीचेच उत्तर मिळाले. २०१५ मधील 'राइज ऑफ द टूम रेडर'मध्ये थडगी वाढविण्यात आली. २०१८ मधील 'शॅडो ऑफ द टूम रेडर'मध्ये चकमकी कमी झाल्या आणि लढाई, शोध व कोडी यांची काठिण्यपातळी स्वतंत्रपणे निवडता येऊ लागली. शोधाची पातळी वाढविली की पांढरे पट्टेही नाहीसे होतात. यामुळे डोळ्यांचे काम वाढले, हाताचे स्थान फारसे बदलले नाही. रचनाकारांनी प्रश्न कठीण-सोप्याचा मानला. तो कर्तृत्वाचा होता.

तिसऱ्या तक्रारीचा विचार हान्स रॉबर्ट याउस यांच्या 'अपेक्षाक्षितिजा'च्या संकल्पनेवाचून होऊ शकत नाही. याउस यांच्या मते कृती आणि तिच्या काळातील अपेक्षाक्षितिज यांतील अंतर हे कृतीच्या कलात्मक मूल्याचे एक गमक असते. त्या न्यायाने २०१३ च्या खेळाने निर्माण केलेला धक्का त्याच्या श्रेयाकडे मोजावा लागेल काय? येथे सावध राहणे इष्ट. जुन्या चाहत्यांच्या क्षितिजापासून हा खेळ दूर होता हे खरे; परंतु तो ज्या दिशेने गेला ती दिशा त्या काळातील इतर यशस्वी साहसखेळांनी आधीच मळलेली होती. एका समुदायाचा अपेक्षाभंग करताना त्याने दुसऱ्या, मोठ्या समुदायाची अपेक्षापूर्तीच केली. विशेष हे, की पहिल्या चार आठवड्यांत सुमारे ३४ लाख प्रती खपूनही स्क्वेअर एनिक्स या जपानी प्रकाशकाने ही विक्री अपेक्षेहून कमी असल्याचे सांगितले. बाजारालाही त्याचे अपेक्षाक्षितिज असते. आणि ते खेळाडूच्या क्षितिजाहून अधिक हट्टी असते.

जुन्या चाहत्यांची बाजूही निर्दोष नाही. ज्या मापाला ते मालिकेचा आत्मा मानतात ते काही अंशी तत्कालीन यंत्रांच्या मर्यादांतून आले होते. १९९६ मधील प्लेस्टेशनच्या नियंत्रकाला दिशादर्शक कळी होत्या, हवी तशी कलविता येणारी दांडी नव्हती. काटकोनी जग हे त्या कळींचेच जग होते. मर्यादेतून रूप जन्मते म्हणून मर्यादा नित्य ठेवावी, असे म्हणता येत नाही. तसेच, ज्यांचे हात जलद चालत नाहीत किंवा ज्यांनी पूर्वी कधी असे खेळ खेळलेले नाहीत, अशा अनेकांना नव्या रीतीने प्रथमच आत येऊ दिले. स्टॅन्ले फिश यांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे दोन 'अर्थनिर्णायक समुदाय' समोरासमोर उभे आहेत आणि 'लारा' या शब्दाने ते एकाच वस्तूचा निर्देश करीत नाहीत. एकासाठी लारा ही व्यक्तिरेखा आहे. दुसऱ्यासाठी ती चालण्याची एक रीत आहे.

५

तरीही या वादात रूपाच्या बाजूने एक साक्ष उशिरा मिळाली. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी ॲस्पायर या संस्थेने पहिल्या तीन खेळांची नूतनीकृत आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत जुनी आणि आधुनिक अशा दोन्ही नियंत्रणव्यवस्था दिल्या. जग मात्र तेच, चौकोनांचे ठेवले. आधुनिक व्यवस्थेत लारा हवी तशी वळते, परंतु ठोकळ्यांच्या कडेशी नेमके उभे राहणे आणि मापून उडी मारणे अवघड जाते, असा अनुभव अनेक खेळाडूंनी व परीक्षकांनी नोंदविला. काहींनी तर नव्या व्यवस्थेपासून आरंभ करून जुनी स्वीकारली. यात जुने ते श्रेष्ठ असे काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की त्या जगाची घडण आणि त्यात चालण्याची रीत या दोन गोष्टी नव्हत्या. एक बदलून दुसरी जशीच्या तशी ठेवता येत नाही. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या अद्वैताविषयी समीक्षा जे विधान कवितेच्या संदर्भात वारंवार करीत आली, तेच विधान येथे खेळाडूंच्या बोटांनी केले आहे.

२०१३ च्या खेळाचे अपयश, त्याला अपयश म्हणायचे असेल तर, त्याने रीत बदलली यात नाही. नवे वृत्त योजण्याचा अधिकार कोणत्याही रचनाकाराला आहे. परंतु भ्यालेल्या, चुकणाऱ्या, शिकणाऱ्या नायिकेची कथा सांगावयाची असेल, तर चुकण्याची आणि शिकण्याची खरी शक्यता ज्या हातात असते तो हात तिला द्यावयास हवा होता. मालिकेने तिला अश्रू दिले, जखमा दिल्या, भूतकाळ दिला; तिची उडी मात्र यंत्राच्या स्वाधीन केली. चाहत्यांनी 'ही आमची लारा नव्हे' असे म्हटले तेव्हा त्यांना बहुधा हेच म्हणावयाचे होते, की ही उडी आमची नव्हे. त्या वाक्यातील 'आमची' या शब्दात मालकीचा दुराग्रह आहे, तसा सहभागाचा हक्कही आहे. या दोहोंतील भेद करणे हे समीक्षेचे काम आहे. आणि चाहत्यांची तक्रार ऐकण्यापूर्वीच तिला स्मरणरंजन ठरविणाऱ्याला ते करता येणार नाही.