आठ आठवड्यांत जीनोम?

आपल्या देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या देतात. निवडलेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत काम करतो. योजना चांगली आहे; बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेचे दार उघडून देणारी अशी साधने थोडीच आहेत. पण जीनोम-विज्ञानापुरते बोलायचे, तर या दोन महिन्यांत त्याच्या पदरात नेमके काय पडते, हे तपासून पाहायला हवे असे आम्हाला वाटते.

आमच्याकडे सुट्टीत येणाऱ्या विद्यार्थ्यांचा अनुभव साधारण असा. पहिला आठवडा पिपेट हाताळायला शिकण्यात जातो. मग डीएनए वेगळा करणे, मागवलेल्या प्रायमरची वाट पाहणे, पीसीआर फसणे, पुन्हा करणे. नमुने क्रमवाचनासाठी बाहेर पाठवले जातात आणि अक्षरांची माळ हाती येते तेव्हा पाहुण्याची बॅग भरून झालेली असते. हाताला वळण लागते हे खरे. परंतु जीनोमचे विज्ञान सुरू होते ते अक्षरे हाती आल्यावर. जनुक कोठे सुरू होते, त्यातील कोणते तुकडे गाळले जातात, संगणकाने वर्तवलेले जनुक खरे की आभास, हा सारा ऊहापोह विद्यार्थी गेल्यावर दुसराच कोणी करतो. गंमत अशी, की नेमक्या याच कामाला प्रयोगशाळा लागत नाही. असंख्य जीवांचे क्रम सार्वजनिक संग्रहांत विनामूल्य मिळतात. संगणक, इंटरनेट आणि जाणता शिक्षक असला की पुरे.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील सारा एल्जिन यांनी २००६ मध्ये हेच हेरून एक योजना सुरू केली. फळमाशीच्या निरनिराळ्या जातींच्या जीनोमचे तुकडे अनेक महाविद्यालयांत वाटले जातात. एकच तुकडा निदान दोन विद्यार्थी स्वतंत्रपणे सोडवतात. उत्तरे जुळली नाहीत तर आणखी एकजण पुरावा तपासून निवाडा करतो. २०१५ मध्ये यातून निघालेल्या एका शोधनिबंधावर १,०१४ लेखकांची नावे होती, त्यांत नऊशेहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थी. एवढ्यांना लेखक म्हणावे का, असा आक्षेप निघाला. तो आम्हाला निम्माच पटतो. सगळा निबंध प्रत्येकाला सारखाच उमगला असेल असे नाही. पण आपल्या वाट्याचे जनुक त्याने स्वतः पारखले होते. चार-पाच लेखकांच्या कित्येक निबंधांबद्दल एवढेही म्हणता येत नाही.

पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहाची कथा याहून बोलकी आहे. तेथे विद्यार्थ्यांनी माती-कचऱ्यातून शोधलेले जिवाणूभक्षक विषाणू आणि त्यांचे वाचलेले जीनोम जमा होतात. दक्षिण आफ्रिकेतील दरबानच्या एका विद्यार्थिनीला २०१० मध्ये सडक्या वांग्यावर असा एक विषाणू सापडला. २०१८ मध्ये लंडनला पंधरा वर्षांच्या एका मुलीवर उपचार झाले. तिला जडलेला मायकोबॅक्टेरियम प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. वापरलेल्या तीन विषाणूंपैकी हा एक. उरलेल्या दोघांतील एकेक आड येणारे जनुक आधी काढून टाकावे लागले, आणि ते कोणते हे जीनोम वाचलेला होता म्हणूनच कळले. मुलीची प्रकृती सुधारली.

विषाणूंच्या योजनेमागे मोठ्या संस्थेचा पैसा आहे, क्रमवाचनाचा खर्च आहे; तिची नक्कल आपल्याकडे लगेच होणार नाही. फळमाशीच्या योजनेला मात्र ती सबब लागू पडत नाही.

अकादमींच्या शिष्यवृत्तीसाठी शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे आमच्या अनेक प्राध्यापक मित्रांना ठाऊकच नसते. जागा वाढवायच्या असतील तर त्या शिक्षकांसाठी वाढवाव्यात, आणि दोन महिने जेल चालवून घेण्याऐवजी त्यांच्याकडून एखादे जनुक आरंभापासून अखेरपर्यंत सोडवून घ्यावे. महाविद्यालय उघडल्यावर तेच जनुक वर्गातल्या दोघांना वेगवेगळे देता येईल, आणि त्यांचे जमले नाही तर तिसऱ्याला.