‘निःशब्द जग’: पाहणें आणि हाताळणें

जाक कुस्तो व लुई माल यांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘ल माँद द्यु सिलांस’, म्हणजे ‘निःशब्द जग’, या फ्रेंच चित्रपटास १९५६ सालीं कान येथील महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक मिळालें. कुस्तो यांनीं एमिल गान्यां या इंजिनियराच्या साहाय्यानें १९४३ सालीं पाण्याखालीं श्वास घेण्याचें यंत्र सिद्ध केलें होतें. पाठीवरच्या नळकांड्यांतली दाबलेली हवा लागेल तेवढीच तोंडाशीं पोंचविणाऱ्या त्या यंत्रामुळें पाणबुड्या वरच्या नळीच्या बंधनांतून सुटला. पेटत्या मशाली घेऊन खोल उतरणारे पाणबुडे पाहतांना त्या मुक्ततेचा आनंद प्रेक्षकासहि लाभतो.

आमच्या मतें या चित्रपटाचा प्राण सेशेल्स द्वीपसमूहांतील अझम्प्शन बेटाजवळच्या प्रसंगांत आहे. कोंकणांत ज्यास गोब्रा म्हणतात त्या कुळांतला एक भला थोरला मासा पाणबुड्यांच्या हातून खाऊ घेतां घेतां इतका धीट होतो कीं, त्यांच्या कामांत त्याची लुडबूड नको म्हणून त्यास पिंजऱ्यांत कोंडावें लागतें. यांत विनोद आहे. पण त्याहून मोलाचें असें दोन जीवांचें परस्परांस न्याहाळणें आहे.

परंतु हींच माणसें मासे मोजण्यासाठीं प्रवाळांत सुरुंग उडवितात. त्यांच्याच जहाजाच्या पंख्यानें देवमाशाचें पिलूं घायाळ होतें. त्याच्यावर शार्क तुटून पडतांच त्यांना वर ओढून ठेंचून मारण्यांत येतें. जणूं अपराध शार्कांचाच होता!

त्या काळाच्या मापानें मोजा, असें कोणी म्हणेल. कुस्तो पुढें सागररक्षणाचे मोठे पुरस्कर्ते झाले, हेंहि खरें. तथापि आमचा आक्षेप कलाकृतीवर आहे. गोब्र्याच्या प्रसंगीं ती जी सहृदयता शिकविते, ती सुरुंगाच्या प्रसंगीं तीच विसरते, आणि या विसंगतीची शंकाहि तिला शिवत नाहीं.

हा प्रश्न अजून जुना झालेला नाहीं. १९९८ सालीं समुद्र तापून सेशेल्सच्या मध्यवर्ती बेटांभोंवतींचें बहुतेक प्रवाळ मेलें. २०२० सालीं त्या राष्ट्रानें आपल्या सागरी क्षेत्राचा सुमारें ३० टक्के भाग संरक्षित ठरविला. जें उरलें आहे तें पाहण्यास यंत्र पाठीवर बांधून उतरणाऱ्यानें हा चित्रपट आधीं अवश्य पाहावा. गोब्र्यासाठीं पाहावा, आणि सुरुंगाचें दृश्य न वगळतां पाहावा.