'यातना' या शब्दाविषयी

उपवासकाळ आला की भक्तिपर लेखनातून 'गेथसेमनी बागेतील यातना' असे शीर्षक हमखास वाचावयास मिळते. आम्हांस ते खटकते.

लूकच्या शुभवर्तमानातील (२२:४४) मूळ ग्रीक शब्द 'अगोनिआ' हा आहे. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. (काही अतिप्राचीन हस्तलिखितांत हे वचन नाही, हेही सांगितले पाहिजे.) त्याचे मूळ 'अगोन', म्हणजे चढाओढ, सामना. आखाड्यात उतरणाऱ्या मल्लाच्या छातीत धडधडते, अंगाला घाम फुटतो, त्या जातीचा हा ताण. लूक घामाचा उल्लेख करतो तो उगाच नव्हे! लॅटिन बायबलने शब्द तसाच ठेवला. पुढे पोर्तुगीज व फ्रेंच भाषांत त्यास मरणसमयीच्या घरघरीचा अर्थ चिकटला, तर इंग्रजीत नुसत्या तीव्र वेदनेचा.

'यातना'ची कुळी निराळी. संस्कृतात ती विशेषेकरून यमलोकी पाप्याने भोगावयाची शिक्षा. मराठीत तो अर्थ पातळ झाला, तरी एक देणारा व दुसरा निमूट भोगणारा ही कल्पना शब्दातून गेलेली नाही. बागेतील त्या प्रार्थनेच्या घटकेला तर प्रभूवर अद्याप कोणी हात उगारलेला नाही. फटके, काटे, खिळे पुढचे. पित्याच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा ठेवतानाची ओढाताण 'यातना' या शब्दामागे झाकली जाते, आणि वाचक केवळ हळहळतो.

'क्लेश' त्यामानाने निर्दोष, पण निस्तेज. 'झुंज' आम्हांस अधिक जवळचा वाटतो. त्याला आखाड्याचा वास येतो, असे कोणी म्हणेल. मूळ शब्दालाही तो येतच होता.